एल५ वाला फोन वर्षभर वापरून: डोंगरात, पेठेत आणि अण्णांच्या शेतात

फोन बदलायचं कारण कॅमेरा नव्हता, लोकेशन होतं. आधीच्या पावसाळ्यात खिरेश्वरच्या बाजूने हरिश्चंद्रगडावर चौदा जणांना घेऊन चालले होते. तोलार खिंड झाली, रेलिंगचा कातळटप्पा चढून वर आलो आणि धुकं असं उतरलं की पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसत होती. ज्यांनी ही वाट केलीये त्यांना माहितीये, तिथून पुढे एकामागून एक टेकाडं लागतात, सगळी सारखीच दिसतात आणि मधे झाडीतून वाटा फुटतात. मी फोन काढला, ऑफलाइन नकाशावर जुना ट्रॅक, म्हणजे आधी नोंदवलेली वाट, होती, आणि फोन मला त्या ट्रॅकपासून ७०-८० मीटर उजवीकडे दाखवत होता. म्हणून आम्ही डावीकडे सरकलो. दहा मिनिटांनी तोच फोन म्हणतो तुम्ही आता ट्रॅकच्या डावीकडे आहात. म्हणजे आधी आम्ही वाटेवरच होतो, फोनच्या नादाने वाट सोडली. चौदाही जणांना जागेवर बसवलं, थांबलो, तेवढ्यात वरून गावातले एक मामा उतरत आले, म्हणाले "ताई, देऊळ हिकडं न्हाई, ह्या अंगाला या." कुणाला काही झालं नाही, पण माझ्या भरवशावर आलेली माणसं होती ती आणि मला रात्रभर झोप नाही लागली.

तो फोन २०१८ चा, स्वस्तातला. धुक्याने सिग्नल अडत नाही, हे आधी सांगते, कारण ग्रुपमधे सगळे धुक्यालाच दोष देत होते. अडचण होती ती भिजलेल्या गच्च झाडीची आणि बाजूच्या कड्याची. त्यानंतर मी महिनाभर याच विषयाच्या मागे लागले आणि मग २२ हजारांत नवा फोन घेतला, ज्यात उपग्रहाच्या सिग्नलच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी आहेत आणि आपला नाविक, म्हणजे इस्रोची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा, पण आहे. मॉडेलचं नाव देत नाहीये. सहा महिन्यांत ते मॉडेल दुकानातून जातं, आणि एकाच नावाच्या फोनमधे भारतात एक चिप आणि बाहेर दुसरी असंही असतं, त्यामुळे नावावरून घेण्यात अर्थ नाही, त्यात नेमकं काय आहे ते बघून घ्या. हा रिव्ह्यू त्या "काय आहे" चा आहे, वर्षभर वापरल्यानंतरचा.

आधी हे एल१ एल५ काय ते, मला जसं समजलं तसं सांगते. उपग्रह वरून सतत वेळ सांगत असतो, फोन ती वेळ किती उशिरा पोचली ते मोजून अंतर काढतो. एक मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटर चुकले, इतकं नाजूक काम. जीपीएसचा जुना, सगळ्या फोनमधे असलेला सिग्नल म्हणजे एल१, १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. त्यातल्या कोडचा (शून्य-एकच्या ठरलेल्या माळेचा) एकेक ठोका जवळजवळ २९३ मीटर लांबीचा असतो. एल५ हा नवा सिग्नल, ११७६.४५ मेगाहर्ट्झचा, त्याचा ठोका दहापट आखूड, २९ मीटरचा. आता कड्यावर किंवा समोरच्या बिल्डिंगवर आपटून आलेला सिग्नल थोडा जास्त अंतर कापून येतो, समजा ४० मीटर जास्त. एल१ मधे तो ४० मीटरचा फरक २९३ च्या पोटात लपून जातो, फोनला खरा कोणता आणि आपटून आलेला कोणता हे वेगळं करता येत नाही, दोन्ही एकात एक मिसळतात. एल५ मधे तो फरक ठोक्यापेक्षा मोठा ठरतो, म्हणून वेगळा ओळखू येतो आणि फोन तो बाजूला टाकू शकतो. एवढंच आहे, पण आपल्या सह्याद्रीत आणि आपल्या शहरांमधे सगळी रड या आपटून येणाऱ्या सिग्नलचीच आहे, त्यामुळे हे "एवढंच" फार मोठं आहे.

दुसरा एक फायदा वातावरणाचा. वरच्या आयनोस्फिअर या विद्युतभारित थरातून येताना सिग्नल रेंगाळतो, आणि दोन फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या प्रमाणात रेंगाळतात, त्यामुळे दोन्हींची तुलना केली की किती उशीर झाला ते काढता येतं. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्याकडे हा त्रास युरोपपेक्षा जास्त, त्यातही सूर्य मावळल्यानंतर. पण फोनच्या छोट्याशा अँटेनात याचा फरक मला वेगळा असा जाणवला नाही. जाणवला तो पहिलाच.

तो कसा जाणवला ते सांगते. नवा फोन घेऊन घरी आले, दोन्ही फोन चार्ज केले आणि रविवारी सकाळी साडेसहाला, गर्दी व्हायच्या आत, तुळशीबागेच्या मागच्या गल्ल्यांमधे गेले. दोन्ही फोन एकाच हातात, एकमेकांना चिकटवून नाही, मधे वीतभर अंतर ठेवून. बोळ असा की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं, दोन्ही बाजूला तीन-चार मजली जुनी घरं, वर आकाशाची पट्टी तेवढी. तोच बोळ मी पाच वेळा गेले आणि पाच वेळा आले. घरी येऊन दोन्ही ट्रॅक सॅटेलाइट नकाशावर टाकले. जुन्या फोनच्या दहा रेघा म्हणजे सुतळीचा गुंता, एक रेघ वाड्यातून आरपार, एक मागच्या बोळात, दोन तर थेट लक्ष्मी रोडच्या पलीकडे जाऊन परत आलेल्या. नव्या फोनच्या दहाही रेघा एका पट्ट्यात, कुठे चार मीटर इकडे कुठे सहा मीटर तिकडे, पण बोळाचा आकार ओळखू येतो, जिथे वळले तिथे वळण आहे. मी तो स्क्रीनशॉट आईला दाखवला, तिला यातलं काही माहीत नाही, ती पण म्हणाली हा तर आपला बोळ दिसतोय.

मोकळ्या मैदानात मात्र दोन्ही फोनमधे फारसा फरक नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उघड्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनला पण साधारण ५ मीटरच्या आतलं लोकेशन मिळतं, हा अमेरिकन जीपीएसवाल्यांनीच दिलेला आकडा आहे आणि माझा अनुभवही तसाच. म्हणजे तुम्ही हायवेवर गाडी चालवत असाल आणि बाकी काही करत नसाल तर या एका गोष्टीसाठी फोन बदलू नका. आणि नकाशाच्या अॅपमधला तो निळा गोल बघताना एक लक्षात ठेवा, अँड्रॉइडमधे त्या गोलाचा अर्थ तुम्ही त्याच्या आतच आहात असा नाही, आत असण्याची शक्यता ६८ टक्के असा आहे. तीनातल्या एका वेळी तुम्ही गोलाच्या बाहेर असू शकता. मला हे त्या हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकआधी माहीत असतं तर मी फोनचं इतकं ऐकलं नसतं.

आता नाविक. याबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात, एक म्हणजे आपला नाविक आला आता जीपीएसची गरजच नाही, आणि दुसरं म्हणजे ते सगळं नुसतं नावाला आहे. दोन्ही बरोबर नाही. मी फोनवर जीपीएसटेस्ट नावाचं फुकट अॅप टाकलंय, त्यात प्रत्येक उपग्रह त्याच्या देशाच्या झेंड्यासकट दिसतो, कोणाचा सिग्नल किती जोरात येतोय ते दांड्यांच्या उंचीवरून दिसतं आणि तो एल१ वर आहे की एल५ वर ते पण दिसतं. घेतल्याच्या पहिल्या संध्याकाळी गच्चीवर उभी राहून ते उघडलं, अमेरिकेचे, रशियाचे, युरोपच्या गॅलिलिओचे, चीनच्या बायडूचे असे कितीतरी आले आणि मग खाली तिरंगा, एक, दोन, तीन. मला खरंच भरून आलं. ३६ हजार किलोमीटरवरून आपल्या लोकांनी बनवलेला उपग्रह माझ्या तळहातावरच्या फोनशी बोलत होता.

इस्रोने याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला सोडला, सातवा एप्रिल २०१६ मधे, तेव्हाच नाविक हे नाव मिळालं. जीपीएससारखा जगभर नाही, भारत आणि आजूबाजूचा १५०० किलोमीटरचा भाग एवढाच. पण अडचणी पुष्कळ आल्या. पहिल्याच उपग्रहाची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली, ती बाहेरून आणलेली होती, आणि घड्याळ नाही तर लोकेशन नाही. त्याच्या जागी २०१७ मधे सोडलेल्याचं वरचं आवरणच उघडलं नाही. मग मे २०२३ मधे नव्या पिढीचा एनव्हीएस-०१ गेला, त्यात आपल्याकडे बनवलेलं रुबिडियमचं अणुघड्याळ आहे आणि पहिल्यांदाच एल१ सिग्नल पण आहे. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ म्हणजे श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, मी सकाळी उठून लाइव्ह बघितलं होतं, रॉकेटने काम चोख केलं पण उपग्रहाच्या इंजिनाचा एक व्हॉल्व उघडला नाही आणि तो ठरलेल्या जागी जाऊच शकला नाही. २०२५ मधेच सरकारने संसदेत सांगितलं की तोपर्यंतच्या ११ पैकी ४ उपग्रह तेव्हा लोकेशनचं काम करत होते. लोकेशन काढायला कमीत कमी चारच लागतात. म्हणजे एकट्या नाविकवर विसंबायचं तर एक जरी झाडामागे गेला तरी संपलं. पण फोन एकट्यावर कधी विसंबतच नाही, सगळ्यांना एकत्र धरून हिशोब करतो, आणि तिथे हे तीन-चार जास्तीचे उपग्रह कामाला येतात, कारण ते इकडेतिकडे पळत नाहीत, कायम आपल्याच बाजूच्या आकाशात असतात.

आणि यातली खरी गोम, जी दुकानात कोणी सांगत नाही. नाविकचा जुना सिग्नल एल१ वर नाहीच, तो एल५ वर आहे. जीपीएस, गॅलिलिओ, बायडू, नाविक, सगळ्यांनी ११७६.४५ हीच फ्रिक्वेन्सी धरलीये. त्यामुळे ज्या फोनमधे नाविक खरोखर चालतो, त्यात एल५ ची अँटेना असतेच आणि मग त्याच अँटेनावर बाकीच्यांचे पण एल५ येतात. पण चिपमधे नाविक आहे म्हणजे फोनमधे तो चालतोच असं नाही. चिपच्या माहितीत नाविक लिहिलेलं असतं, २०२० पासून क्वालकॉमच्या मधल्या दराच्या चिपमधे पण यायला लागलं, पण फोन बनवणाऱ्याने खर्च वाचवायला एल५ चा भाग बसवलाच नाही तर चिपमधे असून उपयोग काय. माझ्या मावसभावाने असाच फोन घेतला, चिपच्या पानावर नाविक, ऑनलाइन जाहिरातीत पण नाविक, आणि जीपीएसटेस्ट उघडलं तर अर्धा तास गच्चीवर उभा राहून एक तिरंगा नाही आणि एल५ चा एक दांडा नाही. परत करायला गेला तर दुकानदार म्हणाला लोकेशन तर येतंय ना. काय बोलणार.

म्हणून माझं मत, खोक्यावर किती देशांची नावं लिहिलीयेत ते बघू नका, एल१+एल५ किंवा ड्युअल फ्रिक्वेन्सी असं लिहिलंय का ते बघा. ते असेल आणि नाविक पण असेल तर उत्तम. फक्त नाविक लिहिलंय आणि एल५ चा उल्लेखच नाही तर विचारा, खोदून विचारा. आयफोनवाल्यांना १४ प्रो पासून दोन फ्रिक्वेन्सी मिळाल्या आणि १५ प्रो मधे नाविक आला, अँड्रॉइडमधे २०१८ च्या शाओमी मी ८ पासून सुरुवात झाली, आता बऱ्याच फोनमधे आहे, पण सगळ्यात नाही.

अण्णांच्या शेताची गोष्ट सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. आमचं शेत जुन्नर तालुक्यात, ओढ्याच्या काठाला, एका बाजूला डोंगर आणि बांधावर जुनी आंब्याची झाडं. खरिपात ई-पीक पाहणी करायची असते, आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोनचं लोकेशन त्याला जोडलं जातं. अण्णांचा फोन म्हणजे माझाच त्याच्याही आधीचा जुना. सोयाबीनमधे गुडघाभर उभे आणि फोन म्हणतोय तुम्ही गटाच्या बाहेर. अण्णा इकडे जा, तिकडे जा, शेवटी ओढ्यात उतरले. मला फोन आला, "अगं, माझ्याच रानात मला परकं म्हणतंय हे." मी शनिवारी गेले, नवा फोन बांधापासून दूर, मोकळ्यात धरला, दोन मिनिटं तसाच राहू दिला, मग अॅप उघडलं, पहिल्या झटक्यात झालं. शेजारच्या काकूंचं पण करून दिलं. आता दर हंगामात मलाच बोलावतात आणि मी जाते.

पण तिथेच अण्णांनी दुसरं विचारलं, मग याच फोनने बांध कुठून कुठपर्यंत ते मोजू का, शेजाऱ्याशी जरा कुरबुर चाललीये. नाही. अजिबात नाही. एल५ असला तरी फोन तीन-चार मीटर इकडेतिकडे करणारच आणि बांधाचं भांडण हातभर जमिनीचं असतं. त्याला मोजणी खात्याची माणसं रोव्हर घेऊन येतात, त्यांचं यंत्र जमिनीवरच्या पक्क्या स्टेशनकडून दुरुस्ती घेऊन सेंटीमीटरमधे सांगतं. रानाचं अंदाजे क्षेत्र काढायचं, औषध किती लागेल बघायचं, त्याला फोन ठीक आहे. फोनचा नकाशा दाखवून कोणाशी भांडू नका.

आता जिथे नवा फोन पण कमी पडला ते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दोन्ही बाजूंना उभे कडे, वर आकाश नुसती फट, तिथे उपग्रह दिसतच नाहीत पुरेसे, तर एल५ काय करणार. ट्रॅक ४० मीटर उडाला. फोन हलका चुकला असं नाही, ठळक चुकला. तिथे वाट माहीत असलेला माणूस सोबत हवाच. मोबाइलला रेंज नसेल तर पहिलं लोकेशन मिळायला वेळ लागतो, कारण एरवी उपग्रहांची माहिती फोन इंटरनेटवरून झटकन घेतो, रेंज नसताना ती उपग्रहाकडूनच उतरवून घ्यावी लागते आणि तो वेग सेकंदाला ५० बिट इतका हळू आहे. म्हणून मी पायथ्याच्या गावातच, जिथे रेंज आहे तिथे, अॅप उघडून पाच मिनिटं उघड्यावर ठेवते आणि मगच चालायला लागते.

उंचीचं पण सांगते, कारण मला खूप जणांनी विचारलंय. कळसूबाई १६४६ मीटर, आणि माझ्या एका अॅपने माथ्यावर १५८० च्या आसपास दाखवलं. फोन खराब नाहीये. उपग्रहाचा हिशोब पृथ्वीचा एक गुळगुळीत अंडाकृती आकार धरून होतो, आणि आपल्याकडे समुद्राची खरी पातळी त्या आकाराच्या ६०-७० मीटर खाली आहे. चांगली अॅप ती दुरुस्ती करून दाखवतात, बाकीची नाही. कोकणात समुद्रात पाय बुडवून उभं राहिलं की अशी अॅप उणे साठ दाखवतात. सेटिंगमधे समुद्रसपाटीपासून असा पर्याय असतो, तो लावा.

बॅटरी म्हणाल तर आठ तासांच्या ट्रेकला, स्क्रीन बहुतेक वेळ बंद ठेवून, ३५ ते ४० टक्के जाते. जुन्याचीही साधारण तेवढीच जायची. ट्रॅक मधेच तुटतो म्हणून जे तक्रार करतात त्यांनी आधी बॅटरी सेव्हर त्या अॅपपुरता बंद करून बघावा, दहातल्या आठ वेळा तेच असतं. आणि मागच्या कव्हरमधे गाडीच्या होल्डरसाठी लोखंडी पट्टी असेल तर ती काढा. मी ती ठेवून आणि काढून असं दोन्ही बघितलं, पट्टी असताना जीपीएसटेस्टमधले दांडे सरळ सरळ खाली येतात. उपग्रहाचा सिग्नल इथे पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की आपला हात, आपलं अंग पण त्याला अडवतं. खिशात ठेवण्यापेक्षा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर लावा, फरक पडतो.

गेल्या जुलैमधे पुन्हा खिरेश्वरवरून गेले, बारा जण, धुकं तसंच, पाऊस तर त्याहून जास्त. त्याच टेकाडांवर नवा फोन ट्रॅकच्या पाच ते दहा मीटरच्या आत राहिला, एकदाच पंधरापर्यंत गेला, झाडीत, आणि मोकळ्यात आल्यावर आपोआप सावरला. आधी चुकलो होतो त्या फाट्यावर मी मुद्दाम थांबून बघितलं, बाण बरोबर वाटेवर होता. खिशात छापील नकाशा होता, गावातले एक दादा वाटाड्या म्हणून सोबत घेतले होते, ते यापुढेही घेणारच. दुपारी एकला देवळात पोचलो, झोपडीतल्या मावशींनी पिठलं-भाकरी वाढली आणि पावसात तिथेच सगळे कपडे वाळवत बसलो.

डोंगरात जाणारे, जुन्या गावठाणात नाहीतर पेठेत डिलिव्हरी करणारे, शेताची कामं फोनवर करणारे, यांनी पुढचा फोन घेताना एल५ बघून घ्या, दोन-तीन हजार जास्त गेले तरी घ्या. शक्य असेल तर दुकानातला डेमो पीस घेऊन दुकानाबाहेर या, जीपीएसटेस्ट टाका, पाच मिनिटं आकाशाखाली उभे राहा. एल५ चे दांडे आले आणि तिरंगा दिसला की पैसे द्या.